सुदामा नगरातली ब्लूक्रॉप : एका कुंडीची दोन दुखणी

जुलै २०२३. सुदामा नगरातल्या काकूंचा फोन. "अरे, माझ्या झाडाला कावीळ झालीय. तू मातीवाला ना? येऊन बघून जा." मातीवाला म्हणजे मी. माती-पाण्याच्या तपासणीचं काम करतो, त्यामुळे इंदुरात ओळखीच्या कुणाच्याही गच्चीवर काही सुकलं की मला बोलावणं येतं. फी म्हणून पोहे-जिलबी मिळते. तक्रार नाही.

पण हे प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं, कारण यात मी स्वतः अर्धा फसलो. झाडाला दोन आजार होते. पहिला मी ओळखला, बरा केला आणि त्या आनंदात दुसरा आहे हे वर्षभर लक्षातच घेतलं नाही.

झाड होतं ब्लूबेरीचं, जात ब्लूक्रॉप. ती इंदुरात कशी आली याचं उत्तर काकूंच्या लेकीकडे आहे. ती न्यू जर्सीत राहते. २०२२ च्या उन्हाळ्यात काकू तिच्याकडे गेल्या होत्या. तिथे जुलैमध्ये लोक मळ्यात जाऊन बादली कमरेला बांधून स्वतः फळं तोडतात, तशा त्याही गेल्या. ओळीच्या टोकाला जातीची पाटी होती, तिचा फोटो काढून आणला. परतल्यावर ऑक्टोबरात ऑनलाइन शोधून नेमकं त्याच नावाचं रोप मागवलं. वीतभर पिशवीत दीड फुटाचं रोप, नऊशे रुपये. विकणाऱ्याने पानावर लिहिलं होतं : 'भारतात कुठेही वाढते.' त्याच्याविषयी एवढंच पुरे.

पाटीवरचं नाव काही ऐरंगैरं नव्हतं. ब्लूक्रॉपचा संकर १९३४ चा, जात बाहेर आली १९५२ मध्ये. जर्सी, पायोनियर, स्टॅनले आणि जून अशा चार जाती तिच्या आजी-आजोबा. मोठं, फिकट निळं फळ, द्राक्षावर असतो तसा पांढुरका थर, भरवशाचं पीक. उत्तरेकडच्या थंड मुलखात कित्येक दशकं हीच जात सर्वांत जास्त लावली गेली. त्याआधी तर ब्लूबेरी जंगलातूनच तोडून आणायची गोष्ट होती. अमेरिकी कृषी खात्यातल्या फ्रेडरिक कोव्हिल नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०६ पासून तिच्यावर प्रयोग केले आणि १९१० मध्ये पुस्तिका छापली. ती वाचून न्यू जर्सीच्या एलिझाबेथ व्हाइट या बाईंनी त्याला पत्र धाडलं, आपल्या घरची जमीन देऊ केली, आणि गावातल्या लोकांना पैसे देऊन जंगलातली मोठ्या फळांची झुडपं हुडकून आणवली. १९१६ मध्ये लागवडीच्या ब्लूबेरीचं पहिलं पीक बाजारात गेलं. काकू ज्या राज्यात फळं तोडत होत्या, ते या झाडाचं माहेरच.

आता गच्चीवर.

नवी पानं लिंबासारखी पिवळी, पण शिरा हिरव्यागार. जणू कुणी हिरव्या पेनाने पिवळ्या कागदावर नदीचा नकाशा काढलाय. खालची जुनी पानं त्यामानाने बरी. हा क्रम महत्त्वाचा. नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानातून काढून नव्याला देतं, म्हणून आधी जुनी पानं पिवळी होतात. लोह असं हलवता येत नाही, म्हणून ते कमी पडलं की आधी शेंडा पिवळा पडतो. उसावर हेच झालं की शेतकरी म्हणतात केवडा पडला. काकूंचं म्हणणं, "मी काय कमी केलं? सगळं दिलं." आणि खरंच सगळं दिलं होतं. घरच्या ओल्या कचऱ्याचं खत, गांडूळखत, नव्या सिमेंटची मोठी कुंडी, शेताची काळी माती, आणि पाणी वाया जाऊ नये म्हणून आरओ मशीनच्या नळीतून निघणारं पाणी. यातली प्रत्येक गोष्ट तुळशीला, मोगऱ्याला, कढीलिंबाला चालली असती. ब्लूबेरीला यातली एकही चालत नाही.

मी खिशातून मीटर काढलं. कुंडीतल्या मातीचा सामू, म्हणजे पीएच, ७.९; आकडा जितका कमी, तितकं आंबट. आरओच्या टाकाऊ पाण्याचा ८.१. गच्चीवरच्या टाकीतल्या नर्मदेच्या पाण्याचा ७.७. ब्लूबेरीला हवा साडेचार ते साडेपाच. आकडे जवळजवळ वाटतात, पण सामूची पट्टी दहापटींची असते. ७.९ आणि ४.९ यांच्यात आम्लतेचा फरक हजारपट.

मग स्वयंपाकघरातून व्हिनेगर मागवलं. चमचाभर काळी माती बशीत घेतली, वर थेंब टाकले. फसफसली. इनो पाण्यात पडल्यावर येतो तसा बारीक आवाज. मातीत मोकळा चुना आहे याचा हा पुरावा. माळव्याच्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे हातालाही लागतात. गव्हा-हरभऱ्याला त्याचं काही वाटत नाही.

सर्वांत बोलका पुरावा मात्र कुंडी उपडी केल्यावर मिळाला. माती बाजूला सारली तर आत नर्सरीतल्या पिशवीच्या आकाराचा तपकिरी गोळा जसाच्या तसा. नऊ महिने झाले, एक मूळ त्या गोळ्याबाहेर काळ्या मातीत शिरलं नव्हतं. गोळ्याच्या कडेला केसांसारखी बारीक मुळं येऊन थांबलेली, काही उलटी फिरून परत आत गेलेली. काकू म्हणाल्या, "म्हणजे सासरी पाऊलच टाकलं नाही म्हण ना." अगदी तेच.

यामागचं कारण असं. ब्लूबेरीच्या मुळांना मूलरोम, म्हणजे पाणी-अन्न शोषणारी सूक्ष्म लव, नसते. जंगलात ती बुरशीच्या सोबतीने, आंबट कुजट पाचोळ्यात, दोन पैसे रोजावर जगल्यासारखी जगते. तिला नत्र अमोनियमच्या रूपात हवं असतं. नायट्रेट फारसं वापरता येत नाही. चुन्याच्या मातीत लोह असतं भरपूर, पण त्याचा गंज होऊन बसतो, पाण्यात विरघळत नाही. तिजोरी भरलेली, किल्ली हरवलेली. त्यात रोज पाण्यातून बायकार्बोनेट येतं. चहाच्या किटलीत जो पांढरा थर बसतो, त्याचंच हे मूळ. आरओ मशीन प्यायचं पाणी स्वच्छ करताना हे सगळं उरलेल्या पाण्यात दाट करून बाहेर टाकतं, आणि आपण काटकसर म्हणून नेमकं तेच झाडाला घालतो. जास्वंदीला महिनोन्महिने चालेल. इथे नाही. वर नवं सिमेंट स्वतःचा चुना सोडतंच.

खताबद्दल थोडं विषयांतर करतो, कारण ते इंदूरचंच आहे. १९२४ मध्ये अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदुरात संस्था उभारली. आजचं कृषी महाविद्यालय त्याच जागेवर आहे. तिथे त्यांनी काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती थरांनी रचून खत करायची रीत बसवली. ती १९३१ मध्ये पुस्तकरूपाने छापली गेली आणि जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून गेली. त्या रचनेत लाकडाची राख मुद्दाम घालत, कुजताना होणारी आम्लता मारायला. म्हणजे आपल्या गावाने जगाला जे खत शिकवलं त्याचा पायाच आम्लता घालवण्यावर, आणि काकूंच्या गच्चीवर आलेलं झाड असं की आम्लतेशिवाय जेवतच नाही. आणि ब्लूबेरीला आंबट माती लागते हे कोव्हिलने १९१० मध्येच छापून ठेवलं होतं.

इलाज काय केला? पहिला विचार सगळ्यांना सुचतो तो : गंधक घाला. जिवाणू गंधकाचं आम्ल करतात, सामू उतरतो. पण हिशोब मांडून बघा. शंभर ग्रॅम चुना मारायला बत्तीस ग्रॅम गंधक लागतं. समजा मातीत पाच टक्के चुना आहे, आणि कुंडीत वीस किलो माती. म्हणजे एक किलो चुना. तीनशे वीस ग्रॅम गंधक फक्त तो संपवण्यात जाणार, तोवर सामू जागचा हलणार नाही, आणि शेवटी कुंडीत जिप्समचा ढीग. लिंबाचा रस, ताकात बुडवलेले खिळे, उरलेली चहापत्ती हे काकूंनी आधीच करून पाहिलं होतं. हिराकस, म्हणजे लोहाचं सल्फेट, घातला तरी या मातीत दोन दिवसांत गंज. म्हणून माती सुधारायच्या भानगडीत पडलोच नाही; माती काढूनच टाकली.

गोळा बादलीभर पावसाच्या पाण्यात बुडवून हळूहळू मोकळा केला. मग नवं मिश्रण : अर्धं तीन पाण्यांनी धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पाव पीट मॉस (दलदलीतलं कुजलेलं शेवाळ), पाव चिडाच्या सालीचे तुकडे, मूठभर परलाइट (हलके पांढरे खडे). पीट मॉस महाग पडलं, काकूंनी तोंड वाकडं केलं, पण आंबटपणा त्याचाच. कुंडी प्लास्टिकची, उथळ आणि रुंद, रंग मुद्दाम पांढरा, कारण ही मुळं वरच्या फूटभरातच पसरतात आणि मे महिन्यात काळी कुंडी त्यांना शिजवून काढते. खत म्हणून अमोनियम सल्फेट, महिन्यातून दोनदा, अगदी चिमूटभर. आणि एकदाच, लोहाचं चिलेट, म्हणजे पाण्यात विरघळलेलंच राहणारं लोह.

पाण्याचा प्रश्न पावसाने सोडवला. पन्हाळीखाली दोनशे लिटरचे दोन पिंप. आकाशातून पडणारं पाणी मुळातच किंचित आंबट, आणि बायकार्बोनेट जवळजवळ नाहीच. ते डिसेंबरपर्यंत पुरलं. पुढे टाकीचं पाणी, दहा लिटरच्या बादलीला अर्धा चमचा सायट्रिक ॲसिड, वाण्याकडचं लिंबूफूल. कागदी पट्टीने साडेपाच येईपर्यंत. हा उपाय कच्चा आहे : मातीतले जिवाणू लिंबूफूल खाऊन टाकतात आणि सामू परत चढतो. मोठे बागायतदार गंधकाम्ल वापरतात. पण सत्तरीच्या काकूंच्या हातात तेजाब द्यायची माझी हिंमत झाली नाही.

सप्टेंबरच्या मध्यात नवा शेंडा आला तो गर्द हिरवा. जुनी पिवळी पानं पिवळीच राहिली; ती सुधारत नाहीत, त्यांच्याकडे बघून घाबरू नये. मीटरवर ५.२. काकूंनी फोटो न्यू जर्सीला पाठवला, आणि मी पोह्यांच्या नादात बोलून गेलो, "आता मार्चपर्यंत फळं बघा."

इथे माझी चूक.

नोव्हेंबरात फांद्यांच्या टोकांना फुगीर, टपोऱ्या कळ्या दिसल्या. खालच्या टोकदार त्या पानांच्या, वरच्या गोल त्या फुलांच्या. मी मोजल्या, चौदा. म्हणजे झाड पोटभर जेवत होतं, पुढच्या वर्षाची तयारी करत होतं. डिसेंबरात काही पानं लाल झाली, जानेवारीत गळली. फेब्रुवारी गेला. मार्च गेला. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघाली, तरी फांद्या उघड्याच. एप्रिलमध्ये इकडे एक, तिकडे एक अशी पानांची चारदोन कोंब फुटली. फुलांच्या कळ्या तशाच. मे महिन्यात एक तोडून ब्लेडने उभी चिरली. बाहेरची खवलं शाबूत, आत मधोमध तपकिरी भुकटी.

काकूंनी विचारलं, "परत माती बिघडली का रे?" मी मीटर लावलं. ५.३. माती उत्तम होती. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला.

ब्लूक्रॉप थंड मुलखातली पानझडी जात. हिवाळ्यात ती झोपते, आणि ठरावीक थंडी भोगल्याशिवाय उठत नाही. मोजमाप असं : साधारण ७.२ अंशांखाली किती तास गेले ते मोजायचे. ब्लूक्रॉपला आठशे किंवा त्याहून जास्त तास हवेत. इंदुरात जानेवारीचं किमान तापमान सरासरी दहाच्या आसपास; कडाक्याच्या लाटेत पाच-सहावर येतं, तेही पहाटेचे काही तास, आणि दुपारी पुन्हा पंचवीस. नशिबाने डिसेंबरात मी गच्चीवर तापमान नोंदवणारं छोटं यंत्र ठेवलं होतं, खरं तर कुंडी किती तापते ते बघायला. त्यातली नोंद काढून बेरीज केली. सबंध हिवाळ्यात शंभर तासही भरत नव्हते. आठशेपैकी शंभर. झाड गजर वाजायची वाट बघत पडून राहिलं, आणि गजर न वाजताच उन्हाळा आला.

ही गोष्टही नवी नाही. १९२० मध्ये त्याच कोव्हिलने थंडीवर निबंध छापला होता. त्याचा एक प्रयोग मला फार आवडतो. उबदार काचघरात ब्लूबेरीचं झाड ठेवलं आणि त्याची एकच फांदी काचेतून बाहेर, हिवाळ्याच्या थंडीत काढली. वसंतात बाहेरच्या फांदीला पानं आली, आतलं तेच झाड झोपलेलं राहिलं. मूळ एक, खोड एक, माती एक. म्हणजे थंडीची मोजणी प्रत्येक कळी आपापली करते.

हे काकूंना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. कारण जानेवारीत त्यांनी मला न सांगता एक उद्योग केला होता. कुठल्याशा व्हिडिओत बघून दोन आठवडे रोज रात्री फ्रीजमधल्या बर्फाचे दोन ट्रे कुंडीत ओतले होते. थंडी लागली ती मुळांना, आणि मोजायचं काम होतं कळ्यांचं.

पर्यायांवर त्यांच्या दिवाणखान्यात बैठक झाली. पुतण्या म्हणाला, बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवू; इंदूरच्या आसपास ती ढिगाने आहेत. थट्टेचा भाग सोडला तर गणित जमतं. पानं गळालेलं झाड चार अंशांत ठेवलं तर आठशे तास म्हणजे फक्त तेहतीस दिवस. पण दर वर्षी एक कुंडी कुणाच्या तरी गोदामात सांभाळायची, तीही डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा बटाट्याची गोदामं बहुधा रिकामी आणि बंद असतात. काकूंनीच निकाल दिला : "महिनाभर अंधारकोठडी? मला नको असली फळं."

उरला जात बदलायचा मार्ग, आणि तो खरं तर पहिल्याच दिवशी सांगायला हवा होता. फ्लोरिडातल्या लोकांची अडचण आपल्यासारखीच होती, थंडी नाही. त्यांनी उत्तरेच्या ब्लूबेरीचा तिथल्या सदाहरित रानटी जातीशी संकर केला. त्यातून दक्षिणी हायबुश (उंच झुडपाची ब्लूबेरी) हा वेगळाच गोतावळा निघाला. त्याच गोतातली बिलॉक्सी अमेरिकी कृषी खात्याने मिसिसिपीतून १९९८ मध्ये दिली. तिला दीडशे तासांच्या आसपास थंडी पुरते, आणि त्याहून कमी असली तरी ती रुसून बसत नाही, हिरवीच राहते. पेरूच्या वाळवंटी किनाऱ्यावर ब्लूबेरीचं एवढं मोठं पीक उभं राहिलं त्यात तिचा मोठा वाटा. (पेरू हा देश. काकूंनी आधी विचारलं, "पेरूवर कलम करतात का?") आज छप्पन दुकानच्या बाजूला मॉलमध्ये सव्वाशे ग्रॅमचा डबा दिसतो, त्यावर बरेचदा त्याच देशाचं नाव असतं. फळ म्हणून बिलॉक्सी ब्लूक्रॉपपेक्षा लहान. पण येतं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये बिलॉक्सी आली, थेट तयार मिश्रणात. फेब्रुवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यात फुलं. उलट्या टांगलेल्या छोट्या पांढऱ्या मडक्यांसारखी, तोंड अरुंद. या फुलाचे परागकोश मिठाच्या डबीसारखे असतात, टोकाच्या भोकातून पराग सांडतात, त्यासाठी फूल गुणगुणत हलवणारी माशी लागते. तिकडे ते काम बंबलबी करते. ती आपल्याकडे हिमालयात, सपाटीवर नाही. आपला काळा भुंगा यायचा, पण त्याला घाई. काही फुलांच्या बुडाशी चीर पाडून मध पिऊन पसार. म्हणून काकू रोज सकाळी दहाच्या सुमारास फुलाखाली बांगड्यांच्या डबीचं झाकण धरून बोटाने टिचकी मारायच्या, झाकणात पडलेला पराग बारीक ब्रशने दुसऱ्या फुलांना लावायच्या. चष्मा कपाळावर, ओठ घट्ट मिटलेले, सुईत दोरा ओवताना असतात तसे.

एकतीस फळं धरली. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात निळी व्हायला लागली तसे बुलबुल आले. जुन्या मच्छरदाणीचा तुकडा बांधेपर्यंत बारा गेली. उरलेली एकोणीस स्टीलच्या वाटीत तळाला पुरली नाहीत. आधी देवापुढे, मग व्हिडिओ कॉलवर न्यू जर्सीला. नातवाने विचारलं, "आजी, धिस इज ब्लूक्रॉप?" काकू म्हणाल्या, "नाही रे, त्याची मावसबहीण."

मला दोन फळं मिळाली. आंबटगोड, साल जराशी जाड. उन्हाने चाळीस ओलांडायला आठवडाच बाकी होता.

ब्लूक्रॉप अजून गच्चीवर आहे, हिरव्या जाळीखाली, छान गर्द पानांची, वांझ. मी सुचवलं की कुणी पहाडात बदलून जाणारं असेल तर देऊन टाका, तिथे फळेल. महूला त्यांच्या ओळखीत फौजी घरं आहेत, कुणी ना कुणी रानीखेतला जातच असतं. काकू तयार नाहीत. "डिसेंबरात पानं लाल होतात ना, तेवढ्यासाठी ठेवते. इंदुरात लाल पान कुठे बघायला मिळतं?"

जंगली बदामाची होतात की, मी म्हटलं.

"ते रस्त्यावरचं," म्हणाल्या, आणि पोह्यांवर शेव घालायला आत गेल्या.